सरकारी अभियोक्त्यांचे अधिकार व त्यांच्या खर्चावरील देखरेख

फौजदारी खटल्यांत सरकारची बाजू मांडणारा जो अधिकारी, त्यास व्यवहारांत सरकारी वकील म्हणतात व कायद्यांत सरकारी अभियोक्ता अशी संज्ञा आहे. हा अधिकारी पोलिसांचा हस्तक नव्हे, फिर्यादीचा मुखत्यारहि नव्हे. सत्यनिर्णयाच्या कामीं न्यायालयास साह्य करणें हें त्याचें कर्तव्य होय, हें तत्त्व सर्वमान्य आहे. परंतु केवळ तत्त्वोच्चारानें कोणाचें स्वातंत्र्य सिद्ध होत नाहीं. त्याची नेमणूक कोण करतो, त्यास जाब कोण विचारतो आणि त्याचें वेतन कोणाच्या हातून येतें, हे तीन प्रश्न सोडविल्यावांचून त्याच्या अधिकाराचें खरें स्वरूप कळणार नाहीं. महाराष्ट्रापुरता त्यांचा विचार करण्याचें आम्ही येथें योजिलें आहे.

इ. स. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेंत याविषयींचीं मुख्य कलमें ४९२ ते ४९५ हीं होत. नेमणुकीचा अधिकार सरकारकडे होता. खटला काढून घेण्याचा मोठा अधिकार अभियोक्त्यास होता. मात्र त्यास न्यायालयाची संमति आवश्यक होती. मॅजिस्ट्रेटच्या कोर्टांत ठराविक दर्जाच्या पोलिस अधिकाऱ्यासहि खटला चालवितां येई. ज्यानें त्या गुन्ह्याच्या तपासांत भाग घेतला असेल त्यास तेवढी मनाई होती. म्हणजे तपास करणारा हात व खटला चालविणारा हात भिन्न असावेत, ही जाणीव त्या काळींहि होती. पण दोन्ही हात एकाच खात्याचे असूं नयेत, येथपर्यंत ती पोंचली नव्हती.

ही उणीव विधि आयोगानें आपल्या चौदाव्या अहवालांत (१९५८) स्पष्ट दाखविली. मुंबईचे विख्यात विधिज्ञ मोतीलाल सेटलवाड हे त्या आयोगाचे अध्यक्ष होते. अभियोगाचें काम पोलिस खात्यापासून अलग करून तें स्वतंत्र संचालकाकडे द्यावें, असा आयोगाचा अभिप्राय पडला. पुढें १९७३ ची संहिता १ एप्रिल १९७४ पासून अंमलांत आली. तिच्या २४ व्या कलमानें उच्च न्यायालयांतील अभियोक्ता नेमतांना त्या न्यायालयाशीं विचारविनिमय आवश्यक ठरला, व जिल्ह्याची नामावलि जिल्हा मॅजिस्ट्रेटनें सेशन्स जज्जाच्या विचारानें करावी असें ठरलें. २५ व्या कलमानें मॅजिस्ट्रेटच्या कोर्टांसाठीं सहायक अभियोक्ते नेमावयाचे होते, व सामान्यतः पोलिस अधिकारी त्या जागेस अपात्र झाला.

परंतु महाराष्ट्रांत या योजनेस दोन ठिकाणीं बाध आला. पहिला असा कीं, १९८१ च्या दुरुस्तीनें २४ व्या कलमांतील उच्च न्यायालयाशीं विचारविनिमयाचे शब्द राज्यापुरते गाळण्यांत आले, आणि नामावलीसाठीं सेशन्स जज्जाच्या विचाराऐवजीं राज्य सरकारची मंजुरी घालण्यांत आली. दुसरा असा कीं, सहायक अभियोक्ते नांवानें निराळे झाले तरी पोलिस खात्याच्याच शिस्तीखालीं राहिले. शहाणे व इतर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं ही स्थिति संहितेच्या हेतूशीं विसंगत ठरविली, आणि त्यांचा स्वतंत्र संवर्ग व स्वतंत्र अभियोग खातें निर्माण करून खात्याचा प्रमुख थेट राज्य सरकारास जबाबदार करावा, असा आदेश दिला.

पैशाचा प्रश्न यापूर्वींच, १९८८ सालीं, मुकुल दलाल प्रकरणीं निघाला होता. खासगी फिर्यादीच्या विनंतीवरून विशेष अभियोक्ता नेमल्यास त्याची फी कोणीं द्यावी, हा वाद महाराष्ट्राच्या १९८४ च्या नियमांवरून उपस्थित झाला. अशी विनंति आली कीं ती तपासल्यावांचून मान्य करूं नये, आणि फी सामान्यतः सरकारी तिजोरींतूनच द्यावी, अपवादात्मक प्रसंगींच खासगी पक्षाकडून घ्यावी, असा निर्णय झाला. याचें मर्म उघड आहे: ज्याचें मीठ खावें त्याची बाजू ओढण्याचा मोह मनुष्यमात्रास होतो.

मात्र सरकारी तिजोरी म्हटली कीं तिचाहि कोणी धनी असतोच. अनुदानाची मागणी विधानसभेपुढें सरकार मांडतें. झालेल्या खर्चाची तपासणी महालेखापरीक्षक करतात. त्यांचा अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळापुढें येतो व लोकलेखा समिति तो पाहते. या देखरेखीनें पैसा नियमानें खर्चला कीं नाहीं हें कळतें. अभियोक्ता निर्भय राहिला कीं नाहीं हें कळत नाहीं.

२००५ च्या दुरुस्तीनें संहितेंत २५-अ हें कलम आलें. त्यानें अभियोग संचालनालयाची तरतूद केली, आणि संचालकाच्या नेमणुकीस उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींची सहमति आवश्यक केली. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या २० व्या कलमानें संचालनालयाचा विस्तार जिल्ह्यापर्यंत केला. दहा वर्षें वा अधिक शिक्षेच्या, तसेंच जन्मठेपेच्या व देहान्ताच्या खटल्यांवर संचालकाची नजर राहावी आणि अपिलाविषयीं त्यानें मत द्यावें, असें त्यांत आहे. तथापि मुख्य न्यायमूर्तींच्या सहमतीची अट तींत उरली नाहीं, व प्रशासकीय ताबा पूर्वीप्रमाणेंच गृहखात्याकडे आहे. पोलिसहि त्याच खात्याचे, हें येथें विसरतां येत नाहीं.

सारांश, गेल्या सव्वाशें वर्षांत अभियोक्त्याचे अधिकार वाढले व पोलिसांपासून तो पुष्कळ दूर झाला. परंतु त्याच्या नेमणुकींत न्यायसंस्थेस मिळालेला वांटा १९८१ सालीं राज्यांत व पुनः २०२३ च्या संहितेंत काढून घेण्यांत आला. खटला काढून घेण्याचा अधिकार ज्याच्या हातीं आहे, त्याची नेमणूक व वेतन हीं दोन्ही एकाच हातीं असणें इष्ट नव्हे, असें आमचें स्पष्ट मत आहे.