चौघांचा डाव, साऱ्या चाळीला ताप

कॉलेजच्या जाळ्यावर खेळ अडला, की पोरं म्हणतात, "वरच्यांना आमचं सुख बघवत नाही!" इतिहास जरा वेगळं सांगतो, बरं का.

१० डिसेंबर १९९३. 'डूम' या संगणक-खेळाचा पहिला भाग अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संगणकावर फुकट ठेवायचा होता. पण पानं मांडायच्या आधीच पंगत अशी बसली, की वाढप्यालाच आत शिरायला जागा उरली नाही!

पुढं तर कहरच. जाळ्यावर चौघांनी डाव मांडला, की पहिल्या आवृत्तीत प्रत्येकाची प्रत्येक हालचाल त्या जाळ्यावरच्या झाडून साऱ्या संगणकांना कळवली जाई. म्हणजे पत्ते चौघांचे आणि "हुकूम टाकला!" ही आरोळी साऱ्या चाळीत! कोपऱ्यात हिशेब करणारा गरीब संगणकही काम टाकून ती ऐकत बसे. जाळं गुदमरलं आणि काही विद्यापीठांनी खेळावर बंदी घातली.

तोड निघाली ती उपदेशानं नव्हे. १९९४ च्या १.२ आवृत्तीत खेळाला पत्ता लिहायला शिकवलं. निरोप ज्याचा त्यालाच!

तेव्हा आजही वाट अडली, तर रुसण्याआधी विचारावं, "राग खेळाचा आहे, की आरडाओरड्याचा?" दुसऱ्यावर इलाज असतो.