कोशिंबिरीचे तेल आणि कूट : केजच्या जेवणाचा इतिहास

बालाघाटाच्या पठारावरील केज तालुक्यात कच्च्या भाजीला चव देण्याचे काम फोडणी, दाण्याचे कूट, दही आणि लिंबू यांनी केले असून, या घटकांचा इतिहास म्हणजे या भागातील शेतीचाच इतिहास आहे. कोशिंबीर म्हणजे चिरलेल्या किंवा किसलेल्या भाजीला दही अथवा आंबट रस, मीठ व फोडणी देऊन केलेला पदार्थ होय, तर मेथी किंवा कांद्याची पात कच्चीच चिरून तीत तेल, तिखट, मीठ व कूट कालवले की त्याला घोळाणा म्हणतात.

यांतील दही, तसेच तीळ, प्राचीन आहेत. मिरची मात्र सोळाव्या शतकात पोर्तुगिजांमार्फत भारतात आली आणि मूळ दक्षिण अमेरिकेतील भुईमूग दख्खनच्या शेतीत मुख्यतः एकोणिसाव्या शतकात पसरला, म्हणजे आज परंपरागत वाटणारे दाण्याचे कूट तुलनेने अर्वाचीन ठरते.

1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात असलेल्या या कोरडवाहू मुलखात रब्बी ज्वारीच्या जोडीने करडई पेरली जाई आणि तिचे घाण्यावर काढलेले तेल घरोघरी वापरले जाई. परंतु पुढे सोयाबीनचा प्रसार झाला, करडईचे क्षेत्र घटले आणि पिशवीबंद शुद्ध केलेले तेल स्वयंपाकघरात आले, तेव्हा घोळाण्याची रीत टिकली तरी करडईच्या तेलाचा मूळचा उग्र वास बहुतांशी हरपला.