मधुमेह, पोषणस्थिती आणि नेत्रविकार

मधुमेही दृष्टिपटलविकार हा मधुमेहामुळे डोळ्याच्या दृष्टिपटलावरील सूक्ष्म रक्तवाहिन्यांना होणारा विकार होय. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिल्यास या वाहिन्या कमकुवत होऊन पाझरू लागतात. पुढील अवस्थेत नव्या नाजूक वाहिन्या फुटतात, त्यांतून रक्तस्राव होतो व कायमचे अंधत्व येऊ शकते. मोतीबिंदू आणि काचबिंदू यांचे प्रमाणही मधुमेहींमध्ये अधिक आढळते.

कुपोषणाशी संबंध

मधुमेह हा केवळ स्थूल व्यक्तींचा आजार नाही. पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनानुसार, कमी वजनाच्या भारतीय नवजात बालकांत स्नायूंच्या तुलनेत चरबी अधिक असते. पुढील आयुष्यातील मधुमेहाशी याचा संबंध जोडला जातो. कुपोषणाशी निगडित मधुमेहाला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ मध्ये 'प्रकार ५' म्हणून मान्यता दिली.

जव्हार-मोखाडा परिसर

पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा हे आदिवासीबहुल तालुके आहेत. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी हे येथील प्रमुख समाज असून भात, नाचणी व वरई ही मुख्य पिके आहेत. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंमुळे येथील कुपोषणाचा प्रश्न राज्यभर चर्चिला गेला. भातकापणीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर स्थलांतर करतात. अशा वेळी औषधोपचार व तपासणी यांत खंड पडण्याचा धोका असतो. जेवणाच्या वेळा चुकत असताना इन्सुलिन वा काही गोळ्या घेतल्यास साखर धोकादायकरीत्या खालावू शकते.

निदानातील अडचणी

अंधुक प्रकाशात न दिसणे हे 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावाचे, म्हणजे रातांधळेपणाचे लक्षण असू शकते. ते जीवनसत्त्वाच्या उपचाराने सुधारते. दृष्टिपटलविकार मात्र त्याने बरा होत नाही. या भागात आढळणाऱ्या सिकलसेल विकारात 'एचबीए१सी' चाचणीचे निष्कर्ष फसवे ठरू शकतात. लोहाच्या कमतरतेतही तसे घडते. अशा रुग्णांत रक्तशर्करेची थेट मोजणी अधिक विश्वसनीय ठरते. सिकलसेलमुळे दृष्टिपटलाला स्वतंत्रपणेही इजा होऊ शकते.

तपासणी व उपचार

आरंभी या विकाराची लक्षणे जाणवत नाहीत. म्हणून प्रकार २ च्या रुग्णाने निदान होताच आणि त्यानंतर साधारणतः दरवर्षी बाहुली विस्फारून डोळ्यांची तपासणी करून घेणे आवश्यक असते. साखर व रक्तदाब यांचे नियंत्रण, लेसर, डोळ्यात दिली जाणारी इंजेक्शने आणि शस्त्रक्रिया हे उपचार उपलब्ध आहेत. गेलेली दृष्टी बहुधा पूर्णपणे परत येत नाही; वेळीच निदान झाल्यास उरलेली दृष्टी मात्र बहुतांशी टिकवता येते.