गोळीबाराच्या पलीकडचा वेस्टर्न

'वेस्टर्न' म्हटलं की तुम्हाला घोडे न् गोळीबारच आठवतो ना? मग १९५७चा '३:१० टू युमा' बघा. दुष्काळाने पिचलेला शेतकरी २०० डॉलरसाठी दरोडेखोराला गाडीत बसवून द्यायची जोखीम घेतो. खरा ताण हॉटेलच्या खोलीतल्या दोघांच्या बोलण्यात आहे.

आपल्याकडे पुण्याच्या प्रभातने १९३९ मध्येच 'माणूस' काढला. नायक पोलीस शिपाई, पण गोष्ट त्याच्या मनाची. मी राहतो त्या पिंपळे सौदागरहून प्रभातचं ते आवार, म्हणजे आजची फिल्म इन्स्टिट्यूट, जवळच आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात आलं १९६४ला. तोवर आपले बहुतेक मूकपट नष्ट झाले होते.

म्हणून विषय निवडताना गाजलेल्याच्याच मागे धावू नका. जे कुणी बघत नाही, ते कुणी जपतही नाही.