मनमाडचें तें मोडकें इंजिन



वाफेच्या इंजिनाची ओळख पटविण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्याच्या अंगावरील क्रमांकाची पाटी वाचणें. पण पाटी निघून गेलेली, धुराडें तुटलेलें आणि ड्रायव्हरच्या खोलीचा पत्रा आंत चेपलेला, असें इंजिन समोर आलें तर काय करावें? पुराणवस्तुसंशोधक भग्न मूर्तीचे हात आणि आयुधें मोजतो, तशीं येथें चाकें मोजावीं लागतात.

नाशिकच्या मुलांना वाफेचें इंजिन लौकरच दुर्मिळ झालें. थळ घाटांत, कल्याण ते इगतपुरी, विजेची गाडी १९३० सालींच धांवूं लागली होती. १९६० नंतरच्या दशकाअखेर इगतपुरीच्या पुढील मार्गावरही तारा आल्या. वाफेची हौस फेडून घ्यावयाची तर मनमाड गांठावें लागे; नाशिकरोडहून तें सुमारें ७३ किलोमीटर. निजामाच्या राज्यांतून औरंगाबादवरून येणारी मीटर गेज तेथें मुख्य मार्गाला मिळे. तिच्या रुळांतील अंतर एक मीटर, आणि आपल्या मोठ्या मार्गाचें साडेपांच फूट. तेव्हां माणसें आणि माल दोघांनाही मनमाडास गाडी बदलावी लागे.

१९७१ च्या उन्हाळ्यांत तेथील एका बाजूच्या रुळावर, गवतांत, असें एक मोडकें इंजिन उभें होतें. आजूबाजूची मंडळी त्याला ‘निजामाचें इंजिन’ म्हणत, आणि त्याचें वय शंभर वर्षें सांगणारेही भेटत. आम्हां पोरांना तें भव्य वाटलें, पण दहा वर्षांच्या मुलाला काय भव्य वाटत नाहीं? शाळेंत मी नेहमीं सांगत असें कीं, साक्षीदाराला त्यानें काय मोजलें तें आधीं विचारावें. त्याला काय वाटलें तें मागाहून. आम्हीं मोजलें होतें तें एवढेंच : एका बाजूला दांड्यानें जोडलेलीं मोठीं चाकें चार, त्यांच्यापुढें एक लहान. आणि टेंडरवर, म्हणजे कोळसापाण्याच्या मागच्या गाड्यावर, चार आंकड्यांपैकीं पहिले दोन शाबूत : ३ आणि ४. वहींत तसेंच लिहिलें होतें.

स्वातंत्र्यानंतर मीटर गेजवर दोन प्रमुख जाती आल्या : वायपी आणि वायजी. ‘वाय’ म्हणजे मीटर गेज, ‘पी’ म्हणजे प्रवासी, ‘जी’ म्हणजे माल. दोहोंचें बॉयलर एकाच घडणीचें, त्यामुळें वरून पाहणारा फसतो. खरा भेद चाकांत आहे. वायपीचीं मोठीं चाकें बाजूला तीन, व्यास साडेचार फूट. वायजीचीं चार, व्यास चार फूट. मोठ्या चाकाला वेग साधतो, लहान चाकाला ओढ साधते. चार म्हणजे मालगाडीचें इंजिन, हें येथेंच ठरलें.

पण तेवढ्यानें निजाम खोटा ठरत नाहीं. १९२० नंतरच्या दशकांत आखलेल्या वायडी जातीलाही चारच मोठीं चाकें होतीं. येथें आंकडे उपयोगी पडतात. स्वतंत्र भारतांत इंजिनांना नवे क्रमांक मिळाले तेव्हां जुन्या वायडींना पांच आंकडी क्रमांक लाभले; वायपी २००० पासून आणि वायजी ३००० च्या पुढें चालल्या. चौंतीसशेंच्या घरांतील टेंडर वायजीचेंच. निजामाची रेल्वे तर १९५१ सालींच मध्य रेल्वेंत विलीन झाली होती. म्हणजे शंभर वर्षांचें म्हातारें समजलेलें तें इंजिन विशीच्याही आंतलें असावें!

एक सावधगिरी मात्र ठेविली पाहिजे. कारखान्यांत दुरुस्तीच्या वेळीं एका इंजिनाचें टेंडर दुसऱ्याला लावीत. तेव्हां टेंडरवरील आंकडा इंजिनाचें नांव सांगत नाहीं, फार तर कुळ सांगतो. आणि त्या कुळाला चाकांची साक्ष मिळते. नेमकें नांव हवें असेल तर जोडदांड्यांवर ठोकलेले आंकडे पाहावे लागतात, आणि तेही अदलाबदलींत सांपडलेले असूं शकतात.

वायजी एकंदर १,०७४ झालीं, कांहीं परदेशांत, कांहीं जमशेदपूरला टाटांकडे, कांहीं चित्तरंजनला. चित्तरंजनहून १९७२ सालीं शेवटचें वाफेचें इंजिन बाहेर पडलें, तेंही वायजीच. पुढें १९९० नंतरच्या दशकांत मनमाडचा मीटर गेज उखडला गेला आणि तो बाजूचा रूळही गेला. ज्यांना हीं चार चाकें स्वतः मोजावयाचीं असतील त्यांनीं हरियाणांतील रेवाडीची शेड पाहावी. तेथें वायजी जपून ठेविलेलीं आहेत.