बर्फावरचा खेळ, भाषेचा मान

आपल्याकडे हॉकी म्हटलं की हिरवं मैदान आणि मेजर ध्यानचंद डोळ्यांसमोर येतात. कॅनडात मात्र हॉकी म्हणजे बर्फावरचा खेळ. पायात स्केट्स, हातात काठी आणि चेंडूऐवजी रबराची काळी चकती. या खेळातला आजही खेळणारा सर्वांत जुना व्यावसायिक संघ म्हणजे मॉन्ट्रियल कॅनेडियन्स. मानाचा स्टॅन्ले चषक त्यानं २४ वेळा जिंकला आहे. पहिला १९१६ साली, चोविसावा १९९३ साली. पण या संघाचा इतिहास नुसता चषकांचा नाही. तो एका भाषेच्या मानापमानाचा इतिहास आहे.

मॉन्ट्रियल हे क्वेबेक प्रांतातलं मोठं शहर. मूळची ही फ्रेंच वसाहत १७६३च्या तहानं ब्रिटिशांकडे गेली. राज्य बदललं, तरी माणसं आणि त्यांची भाषा तीच राहिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रांतात फ्रेंच बोलणारे बहुसंख्य होते. पण बँका, कारखाने आणि रेल्वे प्रामुख्यानं इंग्रजी बोलणाऱ्यांच्या हाती होत्या. मजूर फ्रेंच आणि साहेब इंग्रज, असं हे चित्र होतं.

४ डिसेंबर १९०९ रोजी कॅनेडियन्स संघाची स्थापना झाली. गंमत म्हणजे तो काढणारे अँब्रोज ओब्रायन स्वतः फ्रेंच नव्हते. ते ओंटारिओतल्या एका श्रीमंत खाणमालकाचे चिरंजीव. फ्रेंच खेळाडूंचा संघ उभा केला, तर फ्रेंच प्रेक्षक तिकीट काढून येतील, हा त्यामागचा व्यवहार होता. नावही नेमकं निवडलं गेलं. क्वेबेकचे फ्रेंच लोक पिढ्यान्‌पिढ्या स्वतःला 'कानाद्यां' म्हणवून घेत आले होते. धंद्यासाठी काढलेला संघ लोकांनी बघता बघता आपलासा केला.

या जिव्हाळ्याचा मानबिंदू म्हणजे मोरीस रिशार. त्याचे वडील रेल्वेच्या कारखान्यात कामगार होते. बर्फावरच्या वेगामुळे रिशारला 'रॉकेट' हे नाव पडलं. १९४४-४५च्या मोसमात त्यानं ५० सामन्यांत ५० गोल केले. तोवर हे कुणालाच जमलं नव्हतं. स्वभावानं तो अबोल होता, पण डिवचलं तर भडकणारा.

१३ मार्च १९५५ रोजी बोस्टनच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याची काठी त्याच्या डोक्याला लागली. संतापलेल्या रिशारनं त्या खेळाडूवर काठी उगारून वार केले आणि आवरायला आलेल्या पंचालाही ठोसे लगावले. गुन्हा गंभीर होता, यात शंका नाही. लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्बेल यांनी मोसमातले उरलेले सगळे सामने आणि पुढची चषकाची लढतही त्याला बंद केली. मॉन्ट्रियलच्या फ्रेंच वस्त्यांत या निकालाचा वेगळाच अर्थ लावला गेला : इंग्रज साहेबानं आपल्या माणसाला चिरडलं.

१७ मार्चला डेट्रॉइटविरुद्धचा सामना मॉन्ट्रियलच्या 'फोरम'मध्ये होता. येऊ नका, असं सांगूनही कॅम्बेल आले. त्यांच्यावर अंडी आणि टोमॅटो यांचा मारा झाला. मग अश्रुधुराचं नळकांडं फुटलं, सामना थांबला आणि डेट्रॉइटला विजयी घोषित केलं गेलं. बाहेर सेंट कॅथरीन रस्त्यावर दुकानांच्या काचा फुटल्या, लुटालूट झाली. दुसऱ्या दिवशी खुद्द रिशारनं रेडिओवरून फ्रेंच आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत शांततेचं आवाहन केलं. लोकांनी ते ऐकलं.

चारच दिवसांनी 'ल दव्वार' या फ्रेंच दैनिकात आंद्रे लोरांदो यांचा लेख आला. त्याच्या शीर्षकात त्यांनी रिशारला 'माझा भाऊ' म्हटलं होतं. रस्त्यावर उसळलेला राग केवळ हॉकीचा नव्हता, हे त्यांनी ओळखलं होतं.

पुढच्या मोसमापासून, म्हणजे १९५६ ते १९६०, कॅनेडियन्सनी सलग पाच वेळा चषक जिंकला. आणि १९६० सालीच क्वेबेकमध्ये सत्तांतर होऊन 'शांत क्रांती' म्हणून ओळखलं जाणारं पर्व सुरू झालं. वीजनिर्मिती, शिक्षण, नोकऱ्या यांत फ्रेंच समाज पुढे आला. १९७७च्या कायद्यानं फ्रेंच ही प्रांताच्या व्यवहाराची भाषा झाली. हे सारं एका दंगलीतून घडलं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. त्यामागे शाळा, कामगार संघटना, लेखक असे अनेक हात होते. पण मनात साचलेलं त्या रात्री पहिल्यांदा चारचौघांत आलं, हे मात्र खरं.

रिशार २००० साली गेला, तेव्हा क्वेबेक सरकारनं त्याला शासकीय इतमामानं निरोप दिला. संघाचं आणि भाषेचं नातं मात्र अजून तपासलं जातं. डिसेंबर २०११मध्ये फ्रेंच न येणारा प्रशिक्षक हंगामी नेमला, तेव्हा निदर्शनं झाली. मे २०२१मध्ये तर एका सामन्यात संघात क्वेबेकमध्ये जन्मलेला एकही खेळाडू नव्हता. संघाच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं आणि प्रांतभर चर्चा झाली.

आज खेळाडू जगभरातून येतात, आणि व्यावसायिक खेळात ते अटळ आहे. मग संघ 'आपला' कशानं होतो? खेळाडूच्या जन्मगावानं, की त्याच्या विजयात आपला मान पाहणाऱ्या प्रेक्षकांमुळे? ओब्रायन यांनी तिकिटं विकण्यासाठी संघ काढला होता. त्याला अर्थ दिला तो तिकिटं काढणाऱ्यांनी.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)