सालीची कड आणि झिलईची निवड

कातीव लाकूडकामाचा इतिहास बहुधा आकारांच्या अंगाने लिहिला जातो. झिलईचा उल्लेख शेवटी एखाद्या वाक्यात उरकला जातो. वस्तुतः झिलईची निवड ही केवळ रुचीची बाब नसून ती आकारावर अवलंबून असते. झाडाची साल कडेला तशीच राखलेल्या वाडग्यांच्या बाबतीत हा संबंध विशेष स्पष्ट होतो.

भारतातील प्रमुख रीत लाखेची. संस्कृत लाक्षा, प्राकृत लक्खा, मराठी लाख ही शब्दपरंपरा सरळ आहे. सावंतवाडी किंवा चन्नपट्टण येथील कारागीर फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतो. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते आणि केवड्याच्या पानाने घासून तिला चकाकी आणली जाते. या रीतीत एक अट गृहीत आहे : लाकडाचा घेर अखंड हवा.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत ही अटच मोडली गेली. जेम्स प्रेस्टिनी (१९०८–१९९३) यांची पातळ वाडगी काटेकोर वर्तुळाकार होती. मेल लिंडक्विस्ट (१९११–२०००) यांनी मात्र साल, गाठी व कुजट रेषा हे लाकडाचे दोष न मानता तेच कलाकृतीचे अंग बनविले. ओंडक्याच्या बाहेरील बाजूस वाडग्याचे तोंड ठेवले, की कड खोडाच्या गोलाईप्रमाणे वरखाली होते. साहजिकच प्रत्येक फेऱ्यात कडेपाशी लाकूड क्षणभर लागते आणि क्षणभर पोकळी येते. तेथे कांडी आपटते, चिंधी अडकते व बोटांस इजा होण्याचा संभव असतो. परिणामतः झिलईचे काम चरक थांबवून हाताने करणे भाग पडले.

दुसरी अडचण सालीची. साल व लाकूड यांमधील वाढीचा थर वसंतात रसाने भरलेला व दुबळा असतो. म्हणून हिवाळ्यात तोडलेल्या लाकडाची साल अधिक टिकते. तरीही ती सुटू लागल्यास १९५८ पासून बाजारात आलेला सायनोॲक्रिलेट हा झटपट चिकटणारा गोंद सांध्यात मुरवितात. शिवाय साल सच्छिद्र व खरबरीत असते. तिच्यावर जाड चकचकीत थर दिल्यास तो खळग्यांत साचतो आणि साल कृत्रिम भासते. तेल आत मुरते व सालीचा मूळ मंदपणा राखते. म्हणून अशा कामात जवसाचे किंवा टुंगचे तेल अनेकांस अधिक योग्य वाटते. त्याचे उणेपण हे, की ते सुकण्यास वेळ लागतो आणि जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवल्यास आपोआप पेट घेऊ शकतात.

येथे एक शब्द लक्षणीय ठरतो. मराठी ‘रोगण’ हा फारसी ‘रौगन’वरून आला असून त्याचा मूळ अर्थ तेल असा आहे, मराठीत मात्र तो वर थर धरणाऱ्या द्रव्यासाठी रूढ झाला. मुरणारे तेल की वर बसणारा थर, हा कातकाम करणाराचा प्रश्न या एकाच शब्दाच्या दोन अर्थांत सामावलेला आहे.

लाख मात्र या कामातून सर्वस्वी हद्दपार झाली नाही. गोंदाचे डाग उघड्या लाकडावर पडू नयेत म्हणून सालीलगत आधी स्पिरिटात विरघळविलेल्या चपडा लाखेचा पातळ हात देतात. घर्षणाने चढणारी रंगीत लाख गेली. अदृश्य अस्तर म्हणून ती राहिली. आकार बदलला, तशी द्रव्याची जागाही बदलली, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.